जवसाच्या गोळ्या

हिंदुरावांच्या मागं मांजरं का फिरतात, हे निमगाव केतकीतल्या आमच्या आळीला कोडंच होतं. त्यांच्या बायकोला, बनाबाईंना नव्हतं. पण त्या बोलायच्या नाहीत.

हिंदुराव माळकरी, अंडंसुद्धा वर्ज्य. त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला, तेव्हा पुण्याच्या लेकानं माशाच्या तेलाच्या गोळ्या पाठवल्या, रक्त पातळ राहावं म्हणून. बनाबाईंनी बाटलीवरचा कागद खरवडला अन् सांगितलं, "जवसाच्या हायत." झालं! जवस म्हटल्यावर गडी शेंगदाण्यागत मूठमूठ तोंडात टाकायला लागला. बाईंनी बाटली पिठाच्या डब्यात लपवावी, यांनी हुडकावी. खरं सांगितलं तर माळ बाटवली म्हणून घर डोक्यावर घेणार, हातचं पाणी पिणार नाहीत. न सांगावं तर रोजचा पहारा. बाईंचे डोळे खोल गेले.

परवा इंदापुरात हिंदुरावांची दाढ काढली. रक्त थांबेना. बोळ्यामागं बोळा भिजला.

"गोळ्या कुठल्या घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "सगळ्या सांगा."

"अ‍ॅस्पिरिन. आन् जवसाच्या," हिंदुराव बोळ्याआडून म्हणाले.

बनाबाई भिंतीला टेकल्या. त्यांच्यात खोटं पेलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"जवसाच्या न्हाईत, बाई. माशाच्या तेलाच्या हायत. आन् एक सांगितली तर मूठ खात्यात."

हिंदुरावांचे डोळे बाहेर आले. तोंड उघडणार, तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घट्ट चावून धरा! बोलायचं नाही." मग बनाबाईंना समजावलं, "रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून जखम बुजवतात. अ‍ॅस्पिरिननं त्यांचा चिकटपणा कमी होतोच. त्यात एवढं माशाचं तेल, म्हणजे आणखी निसरड्या झाल्या असतील. नक्की त्यानंच झालं असं नाही, पण आधी कळायला हवं होतं."

टाका घातला, रक्त थांबलं. एसटीत हिंदुराव खिडकीकडं तोंड करून बसले. चाळीस वर्षांच्या संसारात बाईंना एवढी शांतता मिळाली नव्हती, पण ती सुखाची नव्हती. आता हे आपल्या हातचं खातील का, एवढंच डोक्यात.

घरी बोळा निघाला. बाईंनी गार दहीभात पुढं ठेवला. हिंदुरावांनी ताटली परत सरकवली.

"ह्यात काय घातलंयस कुणाला ठावं. आदी तू खा."

बनाबाई बसल्या. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, बघता बघता ताटली पुसून घेतली.

हिंदुराव बघतच राहिले. "आगं, मला?"

"पातेल्यात हाय," बनाबाई तिथंच आडव्या होत म्हणाल्या. "घ्या वाढून."