मांड्यांपायी गेलेला अंगठा

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझा अंगठा धरून जरासा हलवला आणि माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. "बसवलेला सांधा सैल झालाय. काही जोराचं काम केलं होतं का?"

नवरा म्हणाला, "छे हो, घरातच तर असते."

घरातच! आमच्या धुळ्याच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा माहेरपणाला येतात आणि त्यांना आमरसासोबत खापरावरचे मांडेच लागतात. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत परातीएवढा करायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा. ताण सगळा अंगठ्याच्या बुडाशी. त्यातच माझा सांधा झिजला, म्हणून तर कृत्रिम बसवला होता. माझंही माहेर आहे सावद्याला, पण लग्नापासून एकाही आखाजीला मी तिकडे गेले नाही. मांडे कोण करणार?

सांधा बसवल्यानंतरची ती पहिलीच आखाजी. जोर लावायचा नाही, हे डॉक्टरांनी सगळ्यांदेखत सांगितलेलं. मी म्हटलं, यंदा विकतचे आणू. थोरली जाऊ म्हणाली, "आते तं नवा सांधा शे, आते काय भेव?" नळाची तोटी बदलल्यासारखं बोलली. नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं नाही. विकतचे यांच्या घशाखाली उतरत नाहीत म्हणे. मग तिंबली कणीक मीच.

दुसऱ्या ऑपरेशनात तो सांधा काढला, बुडाचं हाडही काढलं आणि माझ्याच हातातली एक कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, घेऊन ती पोकळी भरली. डॉक्टर म्हणाले, "दुखणं कमी होईल, पण जोर परत येणार नाही. आता यापुढे काढायला काही उरलेलं नाही." तेव्हापासून ब्लाउजचे हूक नवरा लावतो, तेही तोंड वाकडं करून.

यंदा मांडे विकतचे आले. दुसरा इलाजच नव्हता. नणंदांनी रसाच्या वाट्यांवर वाट्या रिचवत पोटभर खाल्ले. धाकटी नणंद बोटं चाटत म्हणाली, "वहिनी, हाई बी तुमना मांडासारखंच शे. काहीच फरक नही."

जावेनेही मान डोलावली. नवरा दुसरा मांडा वाढून घेत होता. माझ्या ताटातला मांडा मला त्या हाताने तोडता येईना. मी तो तसाच ठेवला आणि उठले.