वैजीनाथ डॉक्टरांची मोजपट्टी

पेडगाव आणि आसपासच्या वस्त्यांवर वैजीनाथला सगळे डॉक्टर म्हणतात. आपण डॉक्टर नाही, हे तो प्रत्येकाला एकदा सांगतो. त्यावरही कुणी म्हटलंच तर दुसऱ्यांदा सांगत नाही. त्याचा धंदा गायी-म्हशी भरवण्याचा, म्हणजे कृत्रिम रेतनाचा. मोटारसायकलच्या मागे थंडगार द्रव नायट्रोजनचा जार बांधायचा, त्यात वळूंच्या बीजाच्या गोठवलेल्या कांड्या, आणि फोन आला की गोठा गाठायचा. "जनावर माजावर आलं की लगेच सांगा, येळ गेल्यावर मला बोलावू नका," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते तो अशा तोऱ्यात म्हणतो की म्हातारे शेतकरीही गुपचूप मान हलवतात.

अशा या कर्तबगार माणसाला स्वतःला मूल नव्हतं. लोकांनी टोमणा मारायच्या आत तो स्वतःच मारून मोकळा व्हायचा. गावातले समदे गोठे भरले, मपलंच घर रिकामं, असं म्हणून फाट्यावरच्या हॉटेलात तो सगळ्यांना हसवायचा आणि सगळ्यांत मोठ्यानं स्वतः हसायचा. त्याची बायको दैवशाला मात्र यावर कधी हसायची नाही. तिला विनोद कळत नाही, असं त्याचं मत होतं.

शेवटी परभणीच्या एका दवाखान्यात उपचार झाले. दैवशालानं पोटात इंजेक्शनं घेतली, तिची स्त्रीबीजं काढली, प्रयोगशाळेत त्यांचे भ्रूण तयार झाले. एक लगेच गर्भाशयात सोडला, तो टिकला नाही. उरलेले दोन दवाखान्यानं गोठवून ठेवले. आणि इथंच वैजीनाथमधला जाणकार जागा झाला.

उन्हाळ्यात परभणी कशी तापते आणि जारातलं नायट्रोजन कसं बघता बघता उडून जातं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. एप्रिल लागला तसा तो दवाखान्यात फोन करून विचारू लागला, नायट्रोजन भरलं का? रिसेप्शनवरची मुलगी त्याला आवाजावरून ओळखू लागली. भरलं काका, म्हणायची. सदतिशीतल्या माणसाला काका हा शब्द लागतो. पण बाप कुणी म्हणत नाही तोवर काका काय वाईट, असं म्हणून तो त्यावरही हसला.

डॉक्टरबाई मात्र म्हणत होत्या की फोन पुरे, आता पुढचा भ्रूण सोडायला या. वैजीनाथ म्हणे, ऊन उतरू द्या. ऊन उतरलं तर सोयाबीनची पेरणी आली, मग पोळा, मग दसरा. जगातलं प्रत्येक काम त्याच्यावाचून अडलेलं होतं.

शेवटी दवाखान्यातल्या समुपदेशक निकिता मॅडमनी दोघांना समोर बसवलं. वैजीनाथनं पिशवीतून आपली लाकडी मोजपट्टी काढली. जारात बुडवून बाहेर घेतली की जिथवर तिच्यावर पांढरं हिम धरतं तिथवर नायट्रोजन आहे असं समजायचं. ती टेबलावर ठेवून, तुमची टाकी एकदा बघू द्या, असं तो म्हणाला, जणू दवाखाना इतके महिने त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसला होता.

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. बाहेरच्या कुणाला आत नेत नाहीत आणि पातळी उतरली तर घंटा वाजते, असं त्यांनी सांगितलं. गोठवलेल्या भ्रूणाचं वय वाढत नाही. एक बाहेर काढला तरी दुसरा तसाच राहतो. वितळवताना बहुतेक जगतात, एखादा जगत नाही. जगला तरी गर्भ राहीलच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

वैजीनाथ जाणकारासारखी मान डोलवत होता. खरं म्हणजे 'एखादा जगत नाही' यापुढचं त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. रोज कोमट पाण्यात कांड्या वितळवणारा माणूस तो. एकदा वितळलेली कांडी परत जारात ठेवता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. टाकीत आहेत तोवर आपण दोन लेकरांचे बाप आहोत, असं त्यानं मनाशी धरलं होतं आणि ते त्याला मोडायचं नव्हतं.

"वय वाढत न्हाई म्हणता ना," तो म्हणाला, "मग घाई कशाची? ऱ्हाऊ द्या की अजून."

दैवशाला इतका वेळ त्या मोजपट्टीकडे बघत होती. "त्यायचं वाढत न्हाई," ती म्हणाली. "मपलं वाढायलंय. लोकायला काय सांगता तुमी? येळ गेल्यावर मला बोलावू नका म्हणता. मंग मला किती दिवस बसवून ठिवणार?"

यावरचा विनोद वैजीनाथच्या ओठांवर तयार होता. चांगला होता, हॉटेलात टाळी मिळाली असती. तो त्यानं गिळला. त्याला स्वतःची लाज वाटली.

"भ्याव वाटतंय मला," तो म्हणाला. "ह्यो बी गेला तर?"

"गेला तर दोघं रडू. मागच्या येळंला मी एकलीच रडले. तुमी हॉटेलात हसायलते."

मॅडम खाली बघत होत्या. वैजीनाथनं मोजपट्टी उचलून पिशवीत घातली आणि पिशवी खुर्चीखाली सारली. रब्बीची पेरणी तोंडावर आली होती, पण ती सबब त्यानं काढली नाही.

"कवा येऊ आमी?" त्यानं विचारलं.