एक रुपयाची पावती

रतनराव गायकवाड वारज्याच्या शाळेत फीच्या खिडकीमागे बसू लागले तेव्हा खिडकीला जाळी होती आणि पावती हाताने फाडून द्यावी लागे. आता काच आहे, संगणक आहे आणि निवृत्ती तोंडावर आली आहे. टेबल मात्र तेव्हासारखंच असतं. डावीकडे पंच, उजवीकडे टाचण्या, मध्ये काही नाही.

त्यांची एक रीत होती. मुदतीच्या आत येऊन कुणी म्हणालं, "काका, पगार लांबलाय, थोडं थांबा," तर त्याला विलंब शुल्क लागत नसे. न सांगता उशीर करणाऱ्याला एका दिवसाची सूट नाही, मग तो कितीही मोठ्या गाडीतून उतरलेला असो. रीत मुळात त्यांची नव्हती. येरवड्याला लहानपणी त्यांचे वडील मुदतीच्या आधी इस्त्रीचा सदरा घालून शाळेत सांगायला जात. तिथला कारकून नुसती मान डोलवी, आणि वडील ताठ चालत घरी येत. बी.कॉम. होऊन रतनराव खिडकीमागे बसले, ते त्या कारकुनाची मान लक्षात ठेवून.

पुढे शाळेने फीचं सॉफ्टवेअर घेतलं. मुदत संपली की नाव लाल होई आणि दंड रोज चढत जाई. शिकवायला आलेल्या तेजसला रतनरावांनी विचारलं, "सांगून गेलेल्यांचं काय करायचं?"

"कुणाला सांगून?"

"मला."

"काका, सॉफ्टवेअरला तुम्ही दिसत नाही. एन्ट्री दिसते."

मग एन्ट्रीतूनच त्यांनी वाट काढली. हप्त्यापैकी कितीही रक्कम मुदतीत जमा झाली की नाव पिवळं होई आणि सत्र संपेपर्यंत दंड थांबे. तेव्हापासून जो सांगून जाई, त्याच्या नावावर ते स्वतःच्या खिशातला एक रुपया भरत. पालकांच्या मोबाइलवर पावती जाऊ नये म्हणून पडद्यावरच्या 'मेसेज पाठवा'समोरची खूण काढून टाकत. रुपया खरा होता, संध्याकाळी हिशेब जुळत होता. यात खोटं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

यंदा दिवाळीनंतर दीपमाला खिडकीशी आली. चाकणच्या कारखान्यातलं नवऱ्याचं कंत्राट संपलं होतं. मुलगी चैताली नववीत. "या वेळी जमेलसं वाटत नाही काका. पण सांगून जाते." त्यांनी मान डोलवली आणि तिच्या नावावर रुपया भरला.

जानेवारीत संस्थेने मदत निधी जाहीर केला. घरातल्या कमावत्याचं काम सुटलं असेल, तर मुलाचा या सत्राचा हप्ता पूर्ण माफ. अट एकच, त्या हप्त्यातलं काहीही भरलेलं नसावं. यादी सॉफ्टवेअरने काढली. दीपमाला ती फलकावर पुन्हा पुन्हा वाचून खिडकीशी आली.

"काका, चैतालीचं नाव नाही. अर्ज तर तुम्हीच घेतलात."

त्यांनी नाव उघडलं. पिवळं होतं.

"थोडी रक्कम भरलेली दाखवतंय."

"कुणी भरली? पैसे असते तर अर्ज कशाला केला असता?" तिचा आवाज खाली आला. "नाव नाही लागलं तर हे तिला वर्ध्याला आजीकडे ठेवणार आहेत. दहावी तिकडेच. ती कालपासून बोलत नाहीये."

"यादी अजून पक्की नाही," रतनराव म्हणाले. "बघतो मी."

काय बघायचं ते त्यांना ठाऊक होतं. पावती रद्द करायची तर प्रशासन अधिकारी प्रियदर्शनी मॅडमना कारण द्यावं लागणार. कारण दिलं की तशा सगळ्या पावत्या निघणार, आणि सांगून गेलेल्या प्रत्येक घरावर थांबलेला दंड चढणार. एका मुलीसाठी बाकीच्यांना दिलेला शब्द मोडायचा, की गप्प बसायचं?

रात्री ताट तसंच राहिलं. "पोटात दुखतंय का?" पत्नी चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग शाळेत दुखतंय," म्हणून त्यांनी ताट उचललं.

सकाळी ते मॅडमसमोर उभे राहिले. "ही पावती मी केली आहे. रुपया माझा." मग कशासाठी, तेही सांगितलं.

"अशा किती?"

ही एकच, असं म्हणता आलं असतं. "बऱ्याच आहेत," ते म्हणाले.

"आधी विचारलं असतंत तर?"

"आपण नाही म्हणाला असतात."

"म्हटलंच असतं बहुधा. पण तो नकार माझ्या नावावर लागला असता, तुमच्या नाही." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "चैतालीचं नाव आज घालते. बाकीच्या पावत्या मला ठेवता येणार नाहीत. दंड मूळ तारखेपासून लागेल. माफीसाठी पालकांनी अर्ज करायचा, समिती ठरवील. आणि तुमचं लेखी स्पष्टीकरण लागेल. ते सेवापुस्तकात जाईल."

"जाऊ दे," रतनराव म्हणाले.

सोमवारी नवी यादी लागली. दीपमालाने फलकापासूनच हात जोडले. रतनरावांना तिकडे नीट बघताही आलं नाही, कारण खिडकीसमोर रांग होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, मोबाइलवर दंडाचा मेसेज. पुढे रिक्षावाले रंगराव.

"काका, आम्ही सांगून गेलो होतो ना?"

"गेला होतात."

"मग हा दंड कशाचा? का सांगण्याचाच लावलाय?"

"चूक माझी आहे, रंगराव. तुमची नाही. माफीचा अर्ज मी लिहिलाय, चूक कुणाची तेही त्यात घातलंय."

"समिती मानेल?"

"माहीत नाही."

रंगरावांनी मोबाइल खिशात टाकला. "बरं. म्हणजे पुढच्या खेपेला सांगायला यायचं, का नाही?"

रतनरावांची मान सवयीने हलू लागली होती. ती त्यांनी आवरली. अर्ज काचेखालून सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.