फायनल झाल्यावर येते

मौद्याच्या बस स्टँडवर मला सोडायला बाबा एकटेच आले होते. सोळाव्या वर्षी माझी उंची सहा फुटांवर गेली होती आणि हिचं लग्न कसं जमणार, याचा आईला घोर होता. "खेळाचं भूत उतरलं का ये," एवढंच ती घरातून बोलली. बाबा बस सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे होते. "कोणाले भिऊ नको वं," म्हणाले.

चेन्नईच्या स्पोर्ट्स हॉस्टेलात तमिळ कळायच्या आधी मी कोपर मारायला शिकले. बास्केटबॉलमध्ये मी सेंटर. बास्केटखाली उभं राहायचं, धक्के खायचे, बॉल हिसकावून दुसरीच्या हातात द्यायचा. पेपरात फोटो तिचा यायचा. पुढे एका कंपनीच्या संघात नोकरी लागली. अकरा वर्षं खेळले. सांबाराची सवय झाली, आईच्या हातच्या वरणाची मोडली.

शेवटच्या वर्षी गुडघा सुजला. कोच म्हणाले, "फायनलपुरतं इंजेक्शन घे." त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "बाबा आजारी हायेत. तुले विचारून राहिले. निघ."

"फायनल झाल्यावर येते. चारच दिवस."

तिनं फोन ठेवला.

आम्ही जिंकलो. शेवटच्या मिनिटाला गुडघ्यात काहीतरी तुटलं; एवढ्या गोंगाटातही मला तो आवाज ऐकू आला. बाबा त्या सकाळीच गेले होते. मॅचच्या दिवशी आमचे फोन मॅनेजरकडे असायचे. त्यानं मला मॅच संपल्यावर सांगितलं.

कुबड्यांवर घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आई दारातच बसली होती.

"जिंकली का वं?"

"हो."

"बरं झालं," म्हणाली आणि आत गेली.

ऑपरेशननंतर कंपनीनं शाल देऊन खेळातून निवृत्त केलं आणि नागपूरच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तिथल्याच नंदनवन वस्तीत भाड्यानं राहते. संघातल्या कुणाचा फोन येत नाही. त्या मॅनेजरला मी माफ केलेलं नाही. पण "चारच दिवस" तो म्हणाला नव्हता, मी म्हणाले होते.

माझ्यासारख्याच गाव सोडलेल्या मैत्रिणी म्हणतात, आता तरी घराजवळ आलीस. घर बसनं तासाभरावर आहे. दर रविवारी जाते. आई पोटभर वाढते, शेजारणींना माझी नोकरी सांगते, बाबांचा विषय काढत नाही. एकदा मीच विचारलं, शेवटी काय म्हणाले ते.

"आता तुले सांगून काय करू?" ती म्हणाली. मग घड्याळाकडे बघून, "ऊठ. साडेचारची बस भेटन तुले."