दांड्याचं दुसरं टोक

दांड्याचं एक टोक सुटलं आणि उकळत्या गुळाची काहील, म्हणजे भली मोठी कढई, माझ्यासमोर एका अंगाला कलंडली. गूळ आधी जाड धारेनं कडेवरून आला, मग भसकन आला. ज्याच्या हातून दांडा सुटला तो मागच्या मागे पडला आणि त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गुळात गेले. त्याचं ओरडणं मला लगेच ऐकू आलं नाही. आधी वास आला. गोड वासात केस जळल्याचा वास.

दांड्याचं दुसरं टोक ज्याच्या हातात होतं, तो माणूस खून करून, तुरुंगात शिक्षा भोगून आलेला होता. त्यानं आपलं टोक सोडलं नव्हतं. काहील तशीच तिरकी धरून तो उभा होता आणि त्याच्या हातावर गूळ उडालेला होता. गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्या टोळीच्या म्होरक्यानं, पुढून कडी धरून काहील सरळ केली, तेव्हा कुठं यानं दांडा खाली ठेवला.

मी काकवीसाठी तांब्या घेऊन जवळच उभी होते. सगळं मी पाहिलं. तरी पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की यानंच केलं.

"पाणी आणा! गूळ ओढू नका, कातडी येईल!" गुळव्या ओरडत होता. भाजलेला त्याचा सख्खा मेहुणा होता. खुनी माणूसच हौदाकडं पळाला आणि बादली घेऊन आला. टोळीतल्या एकानं ती बादली त्याच्या हातातून हिसकावली.

"हात लावू नगंस त्याला! हो मागं!"

तो मागे झाला. भिंतीला पाठ लावून खाली बसला.

शेजारच्या मळ्यातली गाडी मिळाली. निपाणीच्या डॉक्टरांनी पाणी मारून, पट्ट्या गुंडाळून बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गुळव्यानं आपला एक माणूस सोबत दिला आणि स्वतः थांबला. पोलीस येणार होते.

हा माणूस माझ्याकडं कसा आला ते सांगते. निपाणीजवळ आमचं गुऱ्हाळ आहे. माझे मालक वारल्यापासून मीच चालवते. मुलगा बेळगावात कारखान्यात कामाला आहे. आता लोक ऊस साखर कारखान्याला घालतात, गुऱ्हाळं राहिलीत थोडी, आणि त्यावर काम करणारी माणसं त्याहून थोडी. त्या हंगामात टोळीतला एक गडी आलाच नाही. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडं घालायला माणूस नव्हता. तोडलेला ऊस अंगणात पडून होता आणि त्याचा रस दिवसागणिक आंबत होता.

मी भाकरी थापत होते तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा.

"आक्का, काम हाय म्हणं?"

"हाय. गाव कंचं?"

"आधी एक सांगतो, मग गाव इचारा. मी जेलातनं आलोय. खून केलता. चुलतभावाचा, बांधावरनं."

माझा हात परातीतच राहिला.

"हे असं पहिलंच सांगत हिंडतोस व्हय?"

"मागनं कळलं की हाकलत्यात. कोंबड्यांच्या शेडवर ठेवला, कळलं तसा पगार न देता काढला. पेट्रोल पंपावर पोलिसाचा दाखला मागितला. तंबाखूच्या वखारीत मालक व्हय म्हणला, तर बायका फाटकातनं आतच येईनात. म्हणून आता आधीच सांगतो. न्हाय म्हणायचं असंल तर आत्ताच म्हणा, माझी परतीची बस चुकंल."

मी त्याला ठेवला. दया आली म्हणून नव्हे. ऊस आंबत होता म्हणून. लोक नंतर माझं मन मोठं असं काहीबाही बोलले, त्यात अर्थ नाही.

आणि ठेवला म्हणजे भीती गेली असंही नाही. तो आवारात असताना मी त्याच्याकडं पाठ केली नाही. चुलीपुढं बसायची तीही आता दाराकडं तोंड करून बसायला लागले. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "आक्का, कोयता कुठं हाय? उसाच्या मुळ्या तोडायच्यात." मी कोयता आणला आणि भुईवर ठेवला. कोयता हातात द्यायचा नसतो, भुईवर ठेवायचा आणि दुसऱ्यानं उचलायचा, अशी आमच्याकडं रीत आहे. पण मी रीत म्हणून ठेवला नाही. माझा हात त्याच्या हाताजवळ न्यायचं मला धाडस नव्हतं. त्याला ते कळलं असावं. मी लांब जाईपर्यंत तो वाकला नाही.

मुलाला कळल्यावर त्याचा फोन आला. "आई, अख्ख्या तालुक्यात तुला हाच मिळाला?"

"मग तू ये जळण घालायला," म्हटलं. त्यानं फोन ठेवला.

टोळीतली माणसं त्याच्याशी बोलायची नाहीत, बोलली तर टोचून बोलायची. गुळव्याचा मेहुणा त्यात पुढं. तिशीचा, हसरा, तोंडानं सैल.

"काय पावणं, सासुरवाडीचं जेवाण बरं हुतं का?"

"बरं हुतं," हा म्हणाला. "जावयाला लवकर जा असं कुणी म्हणत नव्हतं."

सगळे हसले. मीही हसले. हसता हसता माझं लक्ष त्याच्या हातांकडं गेलं आणि हसू गेलं.

गूळ तयार झाला की काहील पुढं ओढतात. तिच्या मागच्या कड्यांतून लाकडी दांडा घालतात, दोघं दोन टोकं उचलतात, म्हणजे काहील पुढं कलते आणि गूळ खालच्या वाफ्यात, निवायच्या चौकोनी खड्ड्यात, पडतो. गुळव्या पुढून तोल सांभाळतो. दांडा धरणाऱ्या दोघांना एकमेकांकडं बघायला वेळ नसतो. एकानं सोडलं तर दुसऱ्याच्या हातात काही राहत नाही. म्हणून दांड्याला जोडी ठरलेली असते, ती हंगामभर मोडत नाहीत.

त्या सकाळी जोडीतला एकजण तापानं पडला. अंगात बळ असलेला दुसरा माणूस हाच होता. टोळीतलं कुणी, जोडीतला उरलेलाही, त्याच्याबरोबर दांडा धरायला तयार होईना. गूळ तर काहिलीत चढत होता, आणखी थोडा वेळ गेला असता तर करपला असता.

मेहुणा पुढं झाला. "मी धरतो की. मला काय खातोय व्हय तो?"

तो हे हसत म्हणाला, पण मी त्याचा चेहरा बघत होते. तोही भ्यालेला होता.

दोघांनी उचललं. भुई मळीनं, रसानं निसरडी झालेली असतेच. मेहुण्याचा पाय सरकला. दुसऱ्या टोकावरून हा ओरडला, "पाय बघ! धर, घट्ट धर!" इतक्या दिवसांत त्याचा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. मेहुण्यानं पायाकडं बघितलं नाही. त्यानं याच्या तोंडाकडं बघितलं आणि हात सोडले.

एवढंच झालं. त्याला कुणी शिवलंही नव्हतं.

पण पोलीस यायच्या आतच टोळीचं ठरून गेलं होतं. त्यानं ढकललं. जे चुलवाणाच्या मागं होते तेही आपण बघितलं म्हणून सांगायला लागले. गुळव्याचं तोंड वाफ्याकडं होतं, तोही म्हणाला, दांड्याला हिसडा बसलेला मला कळला.

मी भिंतीकडं गेले. त्याचा हात फुगून आला होता. पाण्यात बुडवून बसला होता.

"पळून का जात न्हाईस?" मी विचारलं. खरं तर तो गेला तर बरं, असं मला वाटत होतं.

"पळालो तर मीच केलं असं हुतंय." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, तुमी बघितलंसा न्हवं?"

तेवढ्यात मुलाचा फोन आला. टोळीतल्या कुणीतरी त्याला कळवलं होतं.

"आई, तू काही बोलू नको. त्यानं ढकललं असं सगळे म्हणतायत ना? म्हणू दे. गुऱ्हाळ आपलं आहे. पाय घसरला म्हणालीस तर केस तुझ्यावर येईल."

मी ओट्यावर बसले. खरं सांगायचं तर मला दोन्हीकडून भीती वाटत होती. खरं बोलले तर कोर्टकचेरी माझ्यामागं लागणार, टोळी निघून जाणार. खोट्याला मान हलवली तर हा पुन्हा आत जाणार, आणि कधी ना कधी बाहेर येणार, आणि माझं घर त्याला माहीत होतं. न्याय वगैरे माझ्या डोक्यात नव्हता.

जीप आली. कुणी बोलावलं नाही, तरी तो उठला. दोन्ही मनगटं जुळवून पुढं केली आणि तसाच उभा राहिला. भाजलेल्या हाताची कातडी लोंबत होती, तोही हात त्यानं बरोबर दुसऱ्याच्या शेजारी ठेवला होता. हवालदार अजून जीपमधून उतरलाही नव्हता.

इतके दिवस मी ज्याला भीत होते त्याला असं भ्यालेलं बघितलं, आणि मला आणखीच भीती वाटली. ती कशाची, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"यारु तळ्ळिद्दु?" हवालदारानं कानडीत विचारलं. कुणी ढकललं?

गुळव्यानं बोट दाखवलं.

"यारू तळ्ळिल्ल," मी म्हटलं. कुणीच ढकललं नाही. मग मराठीत सांगितलं. "पाय घसरला, हात सुटला. ह्यानं धरलंच हुतं. ह्यानंबी सोडलं असतं तर हा गुळव्या आत्ता बोट दाखवायला उभा नसता."

"अज्जी, दिसतं का तुला?"

"डोळ्याचं आपरेशन झालंय. तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय तेबी दिसतंय."

तो हसला नाही. "गुऱ्हाळ तुझं. मग स्टेशनला तुला यावं लागेल."

"येते," म्हटलं. ओट्याचा खांब धरून उठले.

स्टेशनच्या फेऱ्या झाल्या, मुलगा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. मेहुणा बोलायच्या स्थितीत आल्यावर पोलिसांनी त्याला विचारलं. हात सुटला म्हणाला. ढकललं का, तर म्हणाला, माहीत नाही. त्यावर ते मिटलं. दवाखान्याचं सगळं आम्हीच केलं, ते करायलाच हवं होतं.

मी याला एकदा विचारलं, "तू दांडा का सोडला न्हाईस?"

"सोडून कुठं जाणार हुतो? गूळ माझ्याबी पायावरच आला असता."

गुळव्या म्हणाला, "आक्का, हा ऱ्हाणार असंल तर आमी चाललो."

"जावा," म्हटलं. "पण ऊस अर्धा ऱ्हायलाय, आन दुसऱ्या गुऱ्हाळांवर टोळ्या आधीच लागल्यात. बघा."

दोन दिवस काम बंद राहिलं. मग एक तोडगा निघाला. हा काहिलीजवळ येणार नाही, चुलवाणातच राहील. आणि दांडा बंद. मुलानं कुरकुरत का होईना, लोखंडी साखळी आणि कप्पी बसवून दिली. आता काहील साखळीनं उचलली जाते. कुणाला कुणाचा भरवसा धरायला लागत नाही.

तो पुढच्या हंगामालाही आला. मी घेतला. माझी भीती गेली का, असं बायका विचारतात. गेली नाही. आधी भीती जाऊ दे, मग काम देऊ, असं म्हणत बसले असते तर त्याला काम मिळालंच नसतं. भीती माझी आहे, ती मी सांभाळते. काम त्याचं आहे, ते तो करतो.

त्या काहिलीपाशी आम्ही चौघं होतो. मेहुणा जगला. डाव्या पायाची बोटं गेली, गावात पानाची टपरी चालवतो. गुळव्याला काही झालं नाही. दांडा धरून राहिलेला जगला, त्याच्या उजव्या हाताची मूठ पुरी मिटत नाही. आणि मी जगले.