डॉरथीकाकूच्या छोट्या भूमिका

काकांचा फोन आला तेव्हा मी जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनपुढे उभी होते. "डॉरथी गेली गं," एवढंच म्हणाले. तिला भेटून आले त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. त्या भेटीत एक गोष्ट मागायची राहिली. ती आता दुसऱ्या कुणाकडे मागता येणार नाही.

काकू इंग्लंडची नटी. ऐन तिशीत नाटकाच्या दौऱ्यावर कार्ल्सरूहेला आली आणि तिथे इंजिनिअर असलेल्या आमच्या काकांशी लग्न करून बसली. काम मात्र सोडलं नाही. महिना-महिना लंडनला राहून नाटकं, मालिका, सिनेमे करायची. नायिका कधीच नाही. घरमालकीण, नर्स, पोस्टातली बाई, खटल्यातली साक्षीदार. विमानतळावर लोक थबकायचे आणि तुम्ही आमच्या शाळेत शिकवायला होतात का, असं विचारायचे. ती खुशाल हो म्हणायची. तिचं नाव कुणाला आठवत नसे, याचं वाईट मलाच वाटायचं. कुठल्याही भूमिकेसाठी ती आधी त्या बाईचे हात शोधायची. हात सापडले की बाई मागोमाग येते, असं तिचं म्हणणं. ट्रामच्या थांब्यावर लोकांच्या हातांकडे इतकी टक लावून बघायची, की काका लाजून दोन पावलं लांब उभे राहायचे.

२००४ मध्ये माझ्या बाळंतपणाला साताऱ्याहून आई आली. दोघी जावा. आईचं इंग्रजी बेताचं, काकूचं मराठी जेवणाखाण्यापुरतं. तरी काकू मुक्कामाला आली की दोघी तासन्‌तास स्वयंपाकघरात. कुणाला काही सुनवायचं असलं की आई आधी गुडघ्यावरच्या निऱ्या दोनदा सारख्या करायची, मग "मी काय म्हणते…" म्हणायची, आणि पुढचं बहुतेक वेळा गिळून टाकायची. काकू ते बघत बसायची.

आई परत गेली आणि चार महिन्यांत वारली. लेक अंगावर पिणारी, तिचा पासपोर्ट अजून हातात नव्हता… मी जाऊ शकले नाही. काकू तीन गाड्या बदलून आली. पाच दिवस मला खिचडी करून घातली, बरीचशी करपलेली. मी रडतही नव्हते, बोलतही नव्हते. एका दुपारी ती समोर बसली, गुडघ्यावरचा एप्रन दोनदा सारखा केला… आणि म्हणाली, "मी काय म्हणते…"

समोर आई बसली होती. मी ताडकन उठले.

"काकू, बास. माझ्या आईचं नाटक करू नकोस."

ती लगेच पुन्हा काकू झाली. चुकलं माझं, म्हणाली. नंतर तिने ते माझ्यासमोर कधी केलं नाही.

वर्षभरातच मला ते हवंहवंसं वाटू लागलं. दर भेटीत ओठांवर यायचं. पण ज्या तोंडाने तिला गप्प केलं, त्याच तोंडाने कसं मागायचं? शेवटच्या भेटीत तिचे हात पांघरुणावर निपचित होते. काही हवंय का गं, असं तिनेच मला विचारलं. मी म्हटलं, चहा करते.

अंत्यविधीनंतर काका स्वयंपाकघरात बसून होते. म्हणाले, "वहिनींचं ते 'मी काय म्हणते' ती अधूनमधून करून बघायची. हात विसरायला नकोत म्हणून. मी विचारलं, आल्झो… बरं, पण कशासाठी? तर म्हणाली, ती मागेल कधीतरी."

काकूच्या कामांच्या कॅसेट काकांनी मला दिल्या आहेत. गेले कित्येक रविवार मी त्या बघते आहे. घरमालकीण आहे, नर्स आहे, पोस्टातली बाई आहे. आई कशातच नाही.