मुद्दाम गोटा

"नाना, या टायरांवर रबर कोणी चढवलं?"

"मीच, साहेब. पार गोटा झालेले. इब्राहिमभाई एवढ्या जोरात गाडी पळवणार, म्हटलं चांगलं जाड चढवूया."

रत्नागिरीच्या आमच्या कारखान्यात ट्रकचे टायर रिट्रेड होत. म्हणजे झिजलेलं रबर घासून काढायचं, नवं चढवायचं आणि साच्यात वाफेवर शिजवायचं. झिजून गुळगुळीत झालेला टायर तो गोटा. तो दिसला की आमच्या फोरमन नानांचे हात शिवशिवायचे. हे चार मात्र मी मुद्दाम घासून गोटा केले होते.

इब्राहिम माझा शाळेपासूनचा मित्र, बोटीवर इंजिनिअर. सुट्टीवर आला की घरामागच्या शेडमध्ये तो वेगाची गाडी बांधायचा. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला भाट्याच्या किनाऱ्यावरची ओली वाळू टणक होते. तिथे ती पळवायची, एवढंच त्याचं स्वप्न होतं.

रस्त्यावर जाड टायर चांगला. अतिवेगात उलटं. चाक जोरात फिरलं की ते अंगावरचं रबर बाहेर फेकू पाहतं. रबर जाड तर ओढ जास्त आणि तापही जास्त. म्हणून अशा टायरवर रबराची नुसती साल ठेवतात.

"मग परत घास," इब्राहिम म्हणाला.

"जादा शिजलेत. आतला कॅनव्हासचा थर टिकेल याची खात्री नाही."

"अरुण, उद्या ओहोटी आहे. परवा मी बोटीवर. घाबरवू नकोस."

मी वाद घातला नाही. एक टायर टेस्टिंगच्या शाफ्टवर बसवला, लोखंडी जाळी लावली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि मोटरचा वेग चढवत नेला. रबराचा पट्टा सुटला तो जाळी वाकवून छपराचा पत्रा फाडून गेला.

इब्राहिम बराच वेळ त्या भोकातून आभाळ बघत राहिला.

"नाना, छपराला खिडकी केलीत की."

"माझ्यामुळं तुमची सुट्टी फुकट गेली, भाई."

"सुट्टी परत मिळते हो."

पुढच्या सुट्टीसाठी मी नवे टायर घासले. नानांनी प्रत्येकावर खडूने लिहिलं, 'मुद्दाम गोटा. हात लावू नये.' गाडी भाट्यावर पळाली. वेग किती होता यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. टायर मात्र शाबूत राहिले.

गेल्या महिन्यात इब्राहिम गेला. म्हातारा होऊन, स्वतःच्या पलंगावर. मयतीला नाना काठी टेकत आले. माझ्या शेजारी बसले.

"पत्रा फाटला ते बरं झालं, साहेब," ते म्हणाले.

नोकरीत मी शिकलो ते एवढंच. चांगल्या मनाने केलेलं कामही आधी जाळीआड फिरवून बघावं. पत्रा बदलता येतो.